नकाशे अण्णांचं लिनक्स

नकाशे अण्णा कम्प्युटरच्या पडद्यावर आलेली, काही चुकलं की दिसणारी पाटी शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचे. आपण बहुतेक जण तशी पाटी दिसली की माशी हाकलावी तसं बटण दाबून ती घालवतो. अण्णा चष्मा नाकाच्या टोकाशी आणून, ओठ हलवत, इंग्रजी शब्दाशब्दावर बोट ठेवत वाचायचे. फाइलचं लांबलचक नाव आलं तरी गाळायचे नाहीत. वाचून झालं की वहीत उतरवून घ्यायचे आणि मगच बटणाला हात लावायचे. मी घाई केली की डावा हात वर करून म्हणायचे, "तडी." थांब, या अर्थाचा हा कन्नड शब्द त्यांच्या तोंडात कायम असायचा.

"त्यो काय शिव्या द्यायलाय का तुला? काय बिघडलंय ते सांगायलाय. ऐकून तर घे."

त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर कालव्यांचे नकाशे काढले, म्हणून त्यांच्या गावात, राजेश्वरात, त्यांना नकाशे अण्णा म्हणत. आमच्या हुमनाबादच्या नाक्यावरही तेच नाव चाललं. मूलबाळ नव्हतं. त्यांच्यामागे राहिलेली अक्का, त्यांची बायको, गेल्या वर्षी गेली. हे वाचून ज्याला दुखेल असं त्या घरात आता कुणी राहिलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझं हायवेला रेडियमचं दुकान. ट्रकच्या, जीपच्या नंबरप्लेटी, मागच्या फळीवर ड्रायव्हरच्या लेकरांची नावं, काचेवर देवाचं नाव, हे सगळं चमकणाऱ्या चिकट कागदातून कापून द्यायचं. मी दुबलगुंडीचा. बाप मेंढरं राखायचा. मेंढरं गेल्यावर दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचा. मी लहानपणीच नाक्यावर ट्रक धुवायला लागलो, मग ब्रशनं नंबर काढायला शिकलो, आणि त्याच नाक्यावर स्वतःचं दुकान टाकलं. कुणी एक खिळासुद्धा दिला नाही. हे वाक्य मी त्या काळात दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत असे.

ब्रशचे दिवस संपत आलेत हे मी इतरांच्या आधी ओळखलं. गुलबर्ग्याला जाऊन कम्प्युटर आणि अक्षरं कापणारं प्लॉटर मशीन घेतलं. विकणाऱ्याशी मी दोन दिवस घासाघीस केली. तीनदा दुकानातून उठून निघालो, तिन्ही वेळा त्यानं पायरीवरून हाक मारली. शेवटी त्याला मी इतकं खाली आणलं की परतीच्या बसमध्ये माझं मलाच हसू येत होतं. प्लॉटरसोबत डिझाइनचं सॉफ्टवेअर आलं होतं, त्याची डबी, त्याचा परवाना, सगळं खरं. ते चालायचं मात्र फक्त विंडोजवर. ते विंडोज त्यानं आतून चोरीचं भरून दिलं होतं. मला काय कळणार? पडद्यावर निळं आकाश दिसत होतं, मशीन कापत होतं.

दीड-दोन वर्षांनी बातमी आली, गुलबर्ग्यात तपासणी चालू आहे, चोरीचं सॉफ्टवेअर सापडलं की कम्प्युटर उचलून नेतात. बिदरला येणार, मग हुमनाबादला, असं लोक सांगू लागले. मी एका ओळखीच्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, सॉफ्टवेअर खरं आहे, विंडोज चोरीचं आहे. मी गुलबर्ग्याला फोन करून त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. त्यानं फोन ठेवून दिला. मशीनवर चादर टाकून मी पुन्हा ब्रश हातात घेतला. ड्रायव्हर यायचे, ब्रशची अक्षरं बघायचे आणि म्हणायचे, "ते चमकणारं न्हाई का?" आणि पुढच्या गावाला निघून जायचे. दुकानाचं भाडं, बहिणीचं ठरलेलं लग्न, सगळं त्या चादरीखाली होतं.

त्या आठवड्यात अण्णा आले. त्यांच्या जुन्या लुनाची नंबरप्लेट फुटली होती. ब्रशनं काढलेला नंबर त्यांनी हातभर लांब धरून बघितला आणि म्हणाले, "शेवटचा आकडा दीड मिलिमीटर खाली बसलाय." मी आधीच तापलेलो. म्हटलं, "मिलिमीटर मोजायचे तर त्या मशीनला सांगा, ते चादर पांघरून झोपलंय." मग रागाच्या भरात त्यांना सगळी कथा सांगितली, विकणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत. अण्णांनी पूर्ण ऐकलं.

"किती खाली आणलास त्याला?"

मी अभिमानानं सांगितलं.

"मग बरोबर हाय की. तू भाव पाडलास, त्यानं माल पाडला."

मला असं तोंडावर बोललेलं चालत नाही. मी ब्रश डब्यात आपटला. ते तोवर स्टुलावर बसले होते आणि चादरीचं टोक उचलून प्लॉटरकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते एक सीडी घेऊन आले. हैदराबादच्या पुतण्यानं पाठवलेली. लिनक्स. मी विचारलं, हे कुणाचं? "कुणाचंच न्हाई, म्हणून सगळ्यांचं. ह्यावर कोण तपासणी करणार?" मी म्हणालो, पण माझं डिझाइनचं सॉफ्टवेअर तर विंडोजशिवाय उघडत नाही. अण्णा म्हणाले, मध्ये एक प्रोग्राम बसवायचा, वाइन नावाचा. नाव ऐकून मी हसलो, ते हसले नाहीत. "तहसीलीत दुबलगुंडीची म्हातारी मराठीत रडायलीय, साहेबाला कन्नडच कळतं. तवा मधे तू हुबा ऱ्हातोस का न्हाई? म्हातारी काय मागायलीय ते साहेबाला सांगतोस, साहेब काय म्हणायलाय ते म्हातारीला. तसं हाय हे. सॉफ्टवेअरला वाटतंय आपण विंडोजशीच बोलायलाव."

अकरा दिवस लागले. हे अकरा दिवस मी विसरू शकत नाही, कारण त्यात मी चार वेळा मॉनिटरवर हात मारला आणि एकदा कीबोर्ड रस्त्यावर फेकला. पहिले तीन दिवस सॉफ्टवेअर उघडेचना. मग उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. अण्णांनी पाटी वाचली, वहीत लिहिली, एसटीडीवरून पुतण्याला फोन लावून एकेक शब्द वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी फॉन्टच्या फाइली योग्य जागी नेऊन ठेवल्यावर चौकटी गेल्या. मग प्लॉटर हलेना. ज्या तारेनं ते जोडलं होतं, त्या तारेच्या टोकाला विंडोज एका नावानं ओळखतं आणि लिनक्स दुसऱ्या. ते नाव त्या मधल्या प्रोग्रामला सांगावं लागतं, हे सापडायला चार दिवस गेले. सापडलं तेव्हा दुपार होती. पातं खाली आलं, कागदावर सरकलं, आणि तो किर्र आवाज ऐकून मी अण्णांच्या पायाला हात लावायला वाकलो.

"तडी," ते म्हणाले, आणि पिशवीतून स्टीलची पट्टी काढली. त्यांनी शंभर मिलिमीटरची एक सरळ रेघ कापायला लावली होती. मोजली. सत्त्याण्णव.

"अण्णा, तीन मिलिमीटरनं ट्रकला काय फरक पडतोय?"

"नकाशात खोटं घुसलं तर कालवा दुसऱ्याच्या रानात जातोय. मी बघितलोय."

आणखी दोन दिवस त्या तीन मिलिमीटरमध्ये गेले. रेघ शंभरची झाली तेव्हाच त्यांनी माझ्याकडून चहा घेतला. त्याआधी एक घोटसुद्धा घेतला नव्हता.

मी विचारलं, काय द्यायचं ते सांगा. ते म्हणाले, काही नको. मी आकडा सांगितला. ते हसले. मी वाढवला. ते वही पिशवीत घालत राहिले. मी आयुष्यभर बाजारात उभा राहिलेला माणूस. जो भाव सांगतो त्याच्याशी मी कसाही निभावून नेतो. भावच न सांगणाऱ्यापुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी मला आनंद झाला होता हे खरं, पण एक बारीक कुसळही टोचलं होतं. जाताना मी म्हणालो, "अण्णा, एवढंच करा. हे आपल्या दोघांत ऱ्हाऊ द्या." त्यांनी मान हलवली नाही, नाही असंही म्हटलं नाही. बस आली, ते गेले. मी तो होकार धरला.

नंतर ते आठवड्यातून दोनदा तरी यायचे. मशीनला काही होत नसलं तरी बसायचे, कापलेली अक्षरं पट्टीनं मोजायचे. अक्कानं दिलेल्या भाकरीतली अर्धी मला द्यायचे. एकदा बाहेर ऊन जळत होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मी सहज विचारलं, तुम्ही हापिसात कम्प्युटर कुणाकडून शिकलात? त्यांनी हातातली पट्टी बाजूला ठेवली. मग सांगितलं. खात्यात कम्प्युटर आले, नवीन इंजिनिअर आले, आणि हातानं नकाशा काढणाऱ्याची गरज संपली. काढून टाकता येत नव्हतं म्हणून त्यांना खिडकीशेजारी एक टेबल दिलं. त्या टेबलावर तीन वर्षं एक कागद आला नाही. रोज साडेदहाला जायचे, पेन्सिलींना टोक करायचे, साडेपाचला उठायचे. शिपाईसुद्धा चहा देताना त्यांचं टेबल चुकवायचा. जेवणाच्या सुट्टीत कम्प्युटरच्या खोलीत कुणी नसलं की ते आत जाऊन बसायचे, चुकीच्या पाट्या वाचायचे, तिथूनच शिकले.

"हे कुणाला बोललो न्हाई मी," ते म्हणाले. "तू इचारलास म्हणून."

तेवढ्यात दारात एक ट्रक थांबला आणि मी उठलो.

रस्त्याच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर, मल्लूचं दुकान होतं. तोही रेडियमवाला, त्याचंही मशीन त्या तपासणीच्या भीतीनं बंद पडलेलं. सगळ्या नाक्यावर एकट्या माझं मशीन चालू. सोलापूरकडून येणारा ट्रक असो की हैदराबादकडून, माझ्याच दारात थांबायचा. मल्लू उन्हात बसून ब्रशनं नंबर काढायचा. त्याचं दुकान लवकरच रिकामं होणार हे मला दिसत होतं, आणि ते घेऊन तिथे दुसरं मशीन टाकायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं. मालकाशी एकदा बोलूनही झालं होतं.

एक दिवस सकाळी शटर उघडतो आहे तोच किर्र आवाज आला. माझं मशीन बंद होतं. आवाज रस्त्यापलीकडून येत होता. मी दोन ट्रकांच्या मधून पळत गेलो. मल्लूच्या कम्प्युटरसमोर अण्णा बसले होते, पाटीवर बोट ठेवून, ओठ हलवत.

"अण्णा, इकडं या."

"तडी. एवढं वाचून होऊ दे."

त्यांनी पूर्ण वाचलं. मग माझ्यामागून रस्ता ओलांडून आले. माझ्या दुकानात तोवर दोन ड्रायव्हर आणि एक जीपवाला येऊन बसले होते. त्यांना बाहेर घालवायचं भान मला राहिलं नाही.

"कामून केलात असं?"

"काय केलो?"

"माझी वस्तू त्याला दिलात."

"तुझी कशी रे? मी सीडी आणलो, मी बसवलो."

"मला दिलात तवाच माझी झाली. मी तुमाला म्हणलो न्हवतो का, दोघांतच ऱ्हाऊ द्या म्हणून?"

"तू म्हणलास. मी कुटं व्हय म्हणलो?" ते शांतपणे म्हणाले. "मल्लू पुण्याला निघालावता. वॉचमनचं काम मिळालंय. दोन पोरी हायेत, त्यांना मामाकडं ठेवून जायलावता."

"जाऊ दे की मग! निम्मा तालुका गेलाय पुण्याला. मला कुणी धरून ठेवलं का? मला कुणी काय दिलं आजपतुर?"

"मी दिलो की."

बाकावरचा एक ड्रायव्हर हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ड्रायव्हर हसला नसता तरी मी तेच बोललो असतो. ज्याला काही दिलंच नाही, देता आलं नाही, त्याला दुखवायला माझ्याकडे एकच वस्तू होती, आणि ती त्यानंच माझ्या हातात ठेवली होती.

"तुमाला धंद्यातलं काय कळतंय?" मी म्हणालो. "हापिसात तीन वर्षं रिकाम्या टेबलावर बसवून ठेवलेवते तुमाला. उगंच न्हवतं ठेवलं. बिनकामाच्या माणसाला बिनकामाचं टेबल."

ड्रायव्हरचं हसणं थांबलं. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला. मी वाट बघत होतो, त्यांनी शिवी द्यावी. शिवी दिली असती तर मी उलट दिली असती आणि संध्याकाळी आम्ही चहा घेतला असता. नाक्यावर भांडणं अशीच मिटतात.

"साकु," ते म्हणाले. पुरे. पिशवी उचलली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले.

त्यानंतर दोन वर्षं ते नाक्यावर येत राहिले. बसमधून उतरायचे, मल्लूच्या दुकानात जायचे, त्याची अक्षरं पट्टीनं मोजायचे, परतीची बस पकडायचे. माझ्या बाजूला एकदाही आले नाहीत. मधे फक्त रस्त्याची रुंदी होती. माझं मशीन एकदा अडलं. मी ती पाटी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली, त्यांच्यासारखीच बोट ठेवून, आणि तीन रात्री घालवून दुरुस्त केलं. पलीकडे हाक मारली नाही. वडीलधाऱ्यानं आधी यावं असं माझं म्हणणं होतं. धंद्याच्या बाबतीत मी चूक नव्हतो हे मी आजही म्हणेन. मल्लूचं मशीन सुरू झालं आणि माझ्या दारातले ट्रक निम्मे झाले. त्याच्या पोरी शाळेत गेल्या आणि माझं दुसरं दुकान राहिलं ते राहिलंच. अण्णांनी मला एका शब्दानं विचारायला हवं होतं. ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. पण त्या एका वाक्याचा धंद्याशी काही संबंध नव्हता, हेही मला त्याच दिवशी कळलेलं होतं.

मग ते यायचे थांबले. महिन्याभरानं मल्लू रस्ता ओलांडून माझ्या दारात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"अण्णा गेले काल," तो म्हणाला. "तुमाला सांगावं वाटलं."

चार दिवसांनी मी राजेश्वरला गेलो. जाताना बसमध्ये सगळं मनात जुळवलं. अक्काला सांगायचं, मी काय बोललो ते शब्दन् शब्द सांगायचं, तिनं चार शिव्या द्याव्यात, आणि मोकळं व्हायचं. मला वाटत होतं, निदान घरच्या माणसापुढे ते वाक्य एकदा उलटं घेता येईल.

पुढच्या खोलीत अक्का भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या दोन बायका होत्या. भिंतीवर खात्यातल्या निरोपाच्या दिवसाचा फोटो होता, अण्णांच्या गळ्यात हार, हातात नारळ. मी कोण ते सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमीच का ते रेडियमवाले?"

"व्हय अक्का."

"तुमच्यावर राग होता त्यांचा. शेवटपतुर होता." तिनं ते लपवलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. "एक दिवस नाक्यावरनं आले ते जेवलेच न्हाईत. मी लई इचारली. त्यो माणूस काय बोललाय म्हणून. सांगितले न्हाईत. आता ते बी न्हाईत. तुमीच सांगा, काय बोललाव?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती शेजारणीकडे वळून, फोटोकडे हात करत म्हणाली, "कधी कुणाचं वाईट केले न्हाईत बगा. नुसतं काम. शेवटची तीन वरसं तर लईच. एवढे नकाशे टाकायचे त्यांच्या अंगावर, सांजच्याला घरी आले की बोलायची ताकद नसायची. न बोलता बसून ऱ्हायचे. मी म्हणायची, दुसरं कुणी न्हाई का हापिसात? तर म्हणायचे, माझ्याशिवाय त्यांचं चालत न्हाई."

शेजारीण म्हणाली, "व्हय की, लई हुशार माणूस."

अक्का परत माझ्याकडे बघत होती. "सांगा की."

"धंद्यावरनं बोललो, अक्का."

"धंद्यावरनं?"

"त्यांनी समोरच्याला शिकवले. मला राग आला. मोठ्यानं बोललो."

"बस्स?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी दोन वरसं? एवढ्यासाठी त्यांचं अन्न तोडलाव तुमी?"

"व्हय."

ती माझ्याकडे बघत राहिली. याहून काहीतरी मोठं असेल, असं तिला वाटलं असावं. दोन वर्षं तिनं त्याचीच वाट बघितली असावी. ते न मिळाल्यानं तिचा चेहरा उतरला.

"लई हलका माणूस निघालाव तुमी," ती म्हणाली.

"व्हय अक्का," मी म्हणालो, आणि चप्पल घातली.